स्वस्त घर, महाग घर : लोकलच्या गावात बिऱ्हाड थाटताना

आमच्या शहागडला रेल्वे नाही. गोदावरीचा पूल आहे, धुळे-सोलापूर महामार्ग आहे, रात्रंदिवस धावणारे ट्रक आहेत. पण रेल्वेचा रूळ पाहायचा असेल तर अंबडमार्गे जालना गाठावे लागते. तरीही दर वर्षी जून-जुलैमध्ये आमच्या मोहल्ल्यातून दोन-चार तरुण आणि एखादे नवे जोडपे मुंबईकडे निघते. कोणी आयटीआय करून कारखान्यात लागलेला असतो, कोणी डी. फार्मसी करून औषधाच्या दुकानात, कोणी नर्सिंग करून रुग्णालयात. कोणाला भिवंडीच्या गोदामात सुपरवायझरची जागा मिळालेली असते. नोकरी ठरते, पगार ठरतो आणि मग घरात पहिला प्रश्न उभा राहतो : राहायचे कुठे?

हा प्रश्न बहुतेक घरांत एका वाक्यात सोडवला जातो. "तिकडे आपला अमुक राहतो, त्याच्या शेजारी बघा." दुसरे वाक्य ठरलेले : "भाडे कमी असले म्हणजे झाले." मी उर्दू आणि मराठी शिकवते, गणित माझा विषय नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्या इतक्या माजी विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थिनींनी घरासाठी सल्ला विचारला की मलाही वही-पेन घेऊन बसावे लागले. त्या वहीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. लोकलच्या गावात घराची किंमत भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. ती स्टेशनपर्यंतच्या मिनिटांत असते आणि घराच्या कागदांत असते. या दोन गोष्टी ज्याने मोजल्या नाहीत, त्याला स्वस्त घर फार महाग पडते.

कल्याण : आपल्या वाटेवरचे पहिले मोठे जंक्शन

मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्या माणसाचा लोकलशी पहिला संबंध येतो तो कल्याणला. देवगिरी, तपोवन, जनशताब्दी या गाड्या आपल्याला ओळखीच्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. तिलाही कल्याणचा थांबा आहे. ईदला गावी यायचे किंवा अब्बांची तब्येत बिघडल्याचा फोन आल्यावर तातडीने निघायचे तर कल्याण परिसरात राहणारा माणूस दादर-कुर्ल्याची गर्दी न तुडवता गाडीत बसू शकतो. गावाकडे ज्याचे आई-वडील आहेत, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

कल्याणचे रेल्वेतले स्थान जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. इथून लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक शहाड, आंबिवली, टिटवाळा, वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याकडे जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतकडे. मुंबईच्या शेवटच्या स्टेशनापासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, कर्जत सुमारे १००, तर कसारा सुमारे १२१ किलोमीटर दूर आहे. कल्याणच्या अलीकडे, मुंबईच्या बाजूला, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा आणि ठाणे लागतात.

नकाशाचा नियम सोपा आहे. मुंबईकडे सरकाल तसे भाडे चढते, कल्याणच्या पलीकडे जाल तसे उतरते. म्हणूनच दलाल म्हणतो, "टिटवाळ्याला घ्या, बदलापूरला घ्या, निम्म्यात काम होईल." तो खोटे बोलत नाही. तो फक्त अर्धा हिशेब सांगतो.

उरलेला अर्धा हिशेब

समजून घेण्यासाठी दोन घरे धरू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपापल्या ठिकाणचे आकडे घालून हेच गणित पुन्हा मांडता येईल.

पहिले घर दूरच्या स्टेशनाजवळ, भाडे ५,५०० रुपये. पण स्टेशनपासून शेअर रिक्षाने जावे लागते, माणशी २० रुपये. दुसरे घर कल्याणात, स्टेशनपासून दहा मिनिटे चालत, भाडे ८,००० रुपये. वरवर पाहता पहिल्या घरात महिन्याला २,५०० रुपयांची बचत आहे.

आता घरातली दोन माणसे नोकरीला जातात असे धरा. दोघांची रिक्षा, जाऊन-येऊन, दिवसाला ८० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८० रुपये. बचत उरली ४२० रुपये. रेल्वेचा सेकंड क्लासचा मासिक पास काही शे रुपयांत मिळतो, त्यामुळे दहा-वीस किलोमीटर लांब गेल्याने पासात फार मोठा फरक पडत नाही. खिसा रिकामा करते ती रिक्षा.

खरा हिशेब तर पुढेच आहे. लांबचे घर, रिक्षाची रांग आणि कमी गाड्या यांमुळे एका माणसाचा रोज फक्त ५० मिनिटे जास्त वेळ गेला, तर महिन्यात १,३०० मिनिटे होतात. म्हणजे पावणेबावीस तासांच्या आसपास. ४२० रुपयांसाठी जवळजवळ एक पूर्ण दिवस-रात्र रस्त्यात जाते आणि तीही प्रत्येक माणसाची. त्या वेळात मुलाची वही पाहता आली असती, बाळंतीण बायकोला हात देता आला असता, इशाची नमाज घरच्यांसोबत झाली असती. मुलगा झोपेतून उठण्याआधी निघणारा आणि तो झोपल्यावर परतणारा बाप आपल्या लेकराला फक्त रविवारी भेटतो. हे नुकसान कुठल्याही भाडेपावतीवर लिहिलेले नसते.

म्हणून घर पाहायला गेल्यावर "स्टेशन जवळच आहे" हे वाक्य ऐकून घेऊ नये. जवळ म्हणजे किती? घड्याळ लावून स्वतः चालावे. तेही दुपारी निवांत वेळी नव्हे, तर ज्या वेळी रोज निघायचे आहे त्या वेळी. आणि एकदा रात्री नऊनंतरही, घरातल्या बाईला सोबत घेऊन. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का, रिक्षा मिळते का, पादचारी पूल ओलांडून यायला किती वेळ लागतो, हे तिने स्वतः पाहिले पाहिजे. घर निवडण्याचा अधिकार फक्त भाडे भरणाऱ्याचा नसतो, रात्री त्या रस्त्याने परतणारीचाही असतो.

गाडी थांबते का, सुटते का?

लोकलच्या बाबतीत नवख्या माणसाला तीन गोष्टी माहीत नसतात. पहिली, स्लो आणि फास्ट गाडीतला फरक. स्लो गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. फास्ट गाडी मोजक्या ठिकाणी थांबते. कल्याण, डोंबिवली आणि ठाणे येथे फास्ट गाड्या थांबतात. मुंब्रा आणि कळवा येथे बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत. त्यामुळे नकाशावर मुंब्रा कल्याणपेक्षा मुंबईला जवळ असले तरी घड्याळावर तो फायदा पुष्कळसा कमी होतो. नोकरी ठाणे, मुलुंड किंवा भांडुपला असेल तर मुंब्र्याची स्लो गाडी उत्तम. दादरला किंवा थेट फोर्टला असेल तर कल्याणची फास्ट गाडी तोडीस तोड ठरते.

दुसरी गोष्ट, गाडी कुठून सुटते. कल्याण, डोंबिवली, ठाणे, टिटवाळा, अंबरनाथ आणि बदलापूर येथून काही लोकल सुटतात. जिथून गाडी सुटते तिथे बसायला जागा मिळण्याची आशा असते. मधल्या स्टेशनांवर भरलेलीच गाडी येते आणि सकाळी तिच्यात पाय ठेवायला मिळाला तरी शुक्र म्हणायचा.

तिसरी गोष्ट गर्दीची. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत कामावर निघालेली माणसे होती. कुठल्या गाडीने जायचे आहे, ती त्या स्टेशनात किती भरून येते, हे घर घेण्याआधी सलग दोन दिवस फलाटावर उभे राहून पाहावे. गर्भवती बहीण किंवा वयस्क माणूस रोज प्रवास करणार असेल तर थोडे जास्त भाडे देऊन गाडी सुटण्याच्या स्टेशनात राहणे हा खर्च वायफळ नाही.

नोकरी वाशी, बेलापूर किंवा नेरूळकडे असेल तर हा सारा विचार पनवेल स्टेशन मध्यभागी ठेवून करावा. थोडक्यात, आधी नोकरीचे ठिकाण, मग रेल्वेचा मार्ग, मग स्टेशन आणि शेवटी घर. आपण नेमके उलटे करतो : आधी ओळखीच्या माणसाचे शेजारघर आणि मग रोजची तंगडतोड.

मोहल्ला की सोय?

आता जरा अवघड विषय. आपले बहुतेक लोक मुंब्रा, कौसा, भिवंडी किंवा कल्याणमधील ठरावीक वस्त्यांतच घर शोधतात. त्याची कारणे आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली आणि एक लहान गाव पाहता पाहता मोठे शहर झाले. मस्जिद जवळ, उर्दू शाळा जवळ, हलाल गोश्त जवळ, रमजानमध्ये सहेरीला जाग, मय्यतीला खांदा देणारी माणसे. गाव सोडून आलेल्या कुटुंबाला हा आधार फार मोठा असतो. त्याची किंमत मी कमी मानत नाही.

दुसरे कारणही आपल्याला ठाऊक आहे. काही सोसायट्यांत नाव सांगताच दलालाचा सूर बदलतो. काल रिकामी असलेली खोली आज "दिली गेली" असते. हे दुःख आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर एक व्यवहारी उपाय आहे. फोनवरच स्पष्ट सांगावे : "आम्ही मुस्लिम कुटुंब आहोत. घरमालकाची हरकत नसेल तरच आम्ही पाहायला येऊ." त्याने एक दिवस आणि दहा ठिकाणचा अपमान वाचतो. आणि "हो, या" म्हणणारे घरमालकही भेटतात. आपण समजतो त्यापेक्षा जास्त भेटतात.

या भीतीचा एक छुपा तोटा मात्र लक्षात घ्यायला हवा. जिथे राहण्यासाठी पर्याय थोडे असतात, तिथे विकणाऱ्याला प्रश्नांची भीती नसते. "आपलीच माणसे आहेत, कागद काय मागायचे?" असे आपणही म्हणतो आणि तोही म्हणतो. विश्वास ही चांगली गोष्ट आहे. पण आपला दीनसुद्धा देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगतो. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याची शिकवण आहे. कागद मागणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे नव्हे.

सातबारा पाहणारा माणूस शहरात आंधळा का होतो?

आमच्याकडे अर्धा एकर जमीन घ्यायची असली तरी माणूस सातबारा काढतो, फेरफार पाहतो, चतुःसीमा तपासतो, वाटेचा हक्क विचारतो, शेजारच्या शेतकऱ्याला भेटतो. तोच माणूस शहरात फ्लॅट घेताना फरशी, रंग आणि खिडकीतून येणारा वारा पाहतो आणि दागिने मोडून बयाणा देतो.

कल्याण-डोंबिवलीत काय घडले ते पाहा. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून इमारती उभ्या केल्याचे उघड झाले. अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांनी पैसे मोजले होते, अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते. त्यांच्याकडे महारेराचा क्रमांकही होता. म्हणजे नुसता क्रमांक दाखवला की डोळे मिटायचे, हे चालणार नाही. तो क्रमांक ज्या परवानगीवर उभा आहे, ती परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागाने खरोखर दिली आहे का, हे तिथे जाऊन विचारावे लागते.

यापेक्षाही भीषण आठवण मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याची आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधील बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत पहाटे कोसळली. झोपेत असलेली तीन डझनांहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. या दोन्ही ठिकाणी राहणारी माणसे आपल्यासारखीच स्वस्त घर शोधत आली होती.

म्हणून विकत घ्यायचे असेल तर निदान एवढे पाहावे :

महापालिकेचे बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र आणि इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा नसलेल्या इमारतीत पाण्याची जोडणी, कर्ज आणि पुढची विक्री या सगळ्यांत अडचण येते.

जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. जमीन सरकारी, वनखात्याची किंवा आरक्षित नाही ना?

महारेराची नोंदणी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील किंवा ८ पेक्षा जास्त सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला ती बंधनकारक आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला दस्त. चाळीतल्या खोल्या आणि काही फ्लॅटही अनेकदा शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून विकले जातात. नोटरीच्या शिक्क्याने मालकी बदलत नाही. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळापासून हा नियम आहे.

एक चांगली गोष्टही सांगते. महाराष्ट्रात निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ज्या घरात बायकोचे दागिने मोडले, ते घर तिच्या नावे असावे, यात सवलतही आहे आणि इन्साफही.

शिवाय म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची सोडत विसरू नये. म्हाडाची घरे कल्याणजवळ शिरढोण आणि खोणी येथे, तर सिडकोची तळोजा परिसरात निघालेली आहेत. नंबर लागेलच असे नाही, पण तिथल्या कागदाची चिंता राहत नाही. अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच काढून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला धावपळ करण्यात मुदत संपते.

भाड्याचे घर आणि "हेवी डिपॉझिट"

नव्या जोडप्याने पहिली दोन वर्षे भाड्यानेच राहावे, असे माझे मत आहे. शहर कळते, नोकरी स्थिरावते, गाडीचे वेळापत्रक अंगवळणी पडते. पण भाडेकरारही नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. हा कागद फक्त भांडणासाठी नसतो. गॅस, बँक, मुलांचा शाळाप्रवेश, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो.

मुंबईकडे "हेवी डिपॉझिट" नावाची पद्धत आहे. घरमालकाला काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, भाडे द्यायचे नाही किंवा नाममात्र द्यायचे आणि मुदत संपल्यावर सगळी रक्कम परत घ्यायची. गावाकडे जमीन विकलेले किंवा निवृत्तीचे पैसे आलेले कुटुंब याला पटकन भुलते : "भाडे वाचले आणि पैसेही सुरक्षित." इथे दोनदा थांबावे. एक, शरीअतच्या दृष्टीने अनेक उलमा या व्यवहाराला कर्जावर घेतलेला फायदा मानतात आणि म्हणून सूदाच्या जवळचा समजतात. आपल्या विश्वासातील मुफ्ती साहेबांना व्यवहाराआधी विचारावे, नंतर नव्हे. दोन, व्यवहार म्हणूनही तो धोक्याचा आहे. त्या घरावर आधीच बँकेचे कर्ज असेल आणि घरमालकाने हप्ते थकवले, तर बँक घराचा ताबा घ्यायला येते आणि आपले लाखो रुपये अधांतरी राहतात.

एका जोडप्याने कसे ठरवले

माझी एक माजी विद्यार्थिनी मुलुंडच्या एका रुग्णालयात नर्स आहे. नवरा भिवंडीजवळच्या गोदामात काम करतो. मुलगी सहा वर्षांची. नातेवाइकांनी तीन ठिकाणे सुचवली : टिटवाळा, कौसा आणि कल्याण पश्चिम.

टिटवाळ्याचे भाडे सगळ्यांत कमी होते. पण तिला मुलुंडला जायला लांब आणि त्याला गोदामाला जायला त्याहून लांब. कौसा तिच्यासाठी वेळेने बरे होते, नात्यातले घरही तिथेच. पण कौसा ते मुंब्रा स्टेशन हा रोजचा रिक्षाप्रवास आणि रात्रपाळीची ये-जा तिला नको वाटली. कल्याण पश्चिमेला घर तुलनेने लहान होते, भाडे जास्त होते. तिथून त्याला कोनगाव, रांजनोलीमार्गे मोटारसायकलने गोदाम गाठता येत होते आणि तिला स्टेशनपर्यंत चालत जाता येत होते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो होणार, मग सगळेच जवळ येईल, असे दलाल प्रत्येक ठिकाणी सांगत होता. मेट्रोचे काम चालू आहे हे खरे. पण त्या दोघांनी ठरवले की आजचे भाडे द्यायचे तर आजचाच रस्ता मोजायचा.

त्याच दरम्यान त्यांना एक फ्लॅट फारच कमी किमतीत दाखवण्यात आला. नवऱ्याचे मन झाले होते. गावाकडून तीन लाख येणार होते. तिने भोगवटा प्रमाणपत्र मागितले. एजंट म्हणाला, "ताई, इथे सगळे असेच घेतात." ती म्हणाली, "मग सगळ्यांनी घेतले तेवढे पुरे." तो फ्लॅट त्यांनी सोडला आणि कल्याणचे लहान घर नोंदणीकृत कराराने भाड्याने घेतले. संध्याकाळी पाळी संपली की ती आठच्या आत घरी असते. मुलीचा गृहपाठ रोज ती स्वतः घेते. फोनवर तिने मला सांगितले, "मॅडम, घर लहान आहे, पण संध्याकाळ मोठी आहे."

मुलांची शाळा आधी

शिक्षिका म्हणून एक आग्रहाची विनंती. घर बदलताना मुलाची शाळा शेवटी आठवते आणि वर्ष वाया जाते. शाळा सोडल्याचा दाखला गाव सोडण्याआधी घ्यावा. पण तो हातात नसला तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी मुलाचा प्रवेश अडवता येत नाही आणि वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो. सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाचा हा हक्क आहे. ज्यांना खासगी शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागांवर प्रवेश हवा, त्यांना राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तिथे नोंदणीकृत भाडेकरार पुन्हा कामी येतो. उर्दू माध्यम हवे की मराठी, हे घर घेण्याआधी ठरवा, म्हणजे शाळा पायी जाण्याच्या अंतरावर मिळेल असे घर शोधता येईल. रेशनकार्डाचीही चिंता नको. "एक देश, एक रेशनकार्ड" योजनेत गावच्या कार्डावर शहरातही धान्य घेता येते.

पावसाळ्यात एकदा जाऊन या

शेवटची गोष्ट पाण्याची, दोन्ही अर्थांनी. नळाला पाणी किती वेळ येते, टँकर लागतो का, हे घरमालकाला नव्हे, शेजारच्या बाईला विचारावे. तिच्याइतके खरे उत्तर कोणी देत नाही. आणि पुराचे पाणी कुठपर्यंत येते, तेही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या स्वस्त वसाहतींत उन्हाळ्यात घर पाहिले तर हे दिसत नाही. आपण गोदाकाठचे लोक आहोत, नदीचा स्वभाव आपल्याला शिकवावा लागू नये. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत. आपण पाहिलेल्या इमारतीचे नाव त्या यादीत नाही ना, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात.

वहीत लिहून न्या

घर पाहायला जाताना हे प्रश्न सोबत ठेवा.

१. घरापासून स्टेशनच्या फलाटापर्यंत पायी किती मिनिटे? रात्री किती?

२. आपल्या कामाच्या वेळेला इथे कोणती गाडी थांबते? सुटते की भरून येते?

३. भाडे, रिक्षा आणि पास मिळून महिन्याचा एकूण खर्च किती? आणि महिन्याचे तास किती?

४. करार नोंदणीकृत होणार का? घरावर कर्ज आहे का?

५. इमारतीला महापालिकेची परवानगी आणि भोगवटा आहे का? धोकादायक यादीत नाव आहे का?

६. पाणी किती वेळ येते? पावसाळ्यात रस्त्यावर किती साचते?

७. मुलांची शाळा आणि दवाखाना पायी गाठता येतो का?

८. घरातल्या बाईने घर आणि रस्ता, दोन्ही पाहिले का?

या आठपैकी सहा-सात उत्तरे चांगली मिळाली आणि भाडे हजारभर जास्त असले, तर ते घर स्वस्त समजावे. उत्तरे मिळेनात आणि भाडे फारच कमी असेल, तर त्या घराचे उरलेले पैसे आपल्याला नंतर भरायचे आहेत, हे ओळखावे. अल्लाह तआला आपल्या प्रत्येक कुटुंबाला सुरक्षित छप्पर देवो आणि त्या छपराखाली एकत्र बसायला वेळही देवो.